दडलेल्या शिकाऱ्यासाठी नळीचा सापळा: समुद्री टँकवाल्यांनी घ्यावा का?

खाऱ्या पाण्याच्या टँकमधील गोगलगायी, कोळंब्या किंवा लहान मासे एकेक करून नाहीसे होऊ लागले की टँक बाळगणारा माणूस आज ना उद्या एका वस्तूपाशी येऊन थांबतो, आणि ती म्हणजे पारदर्शक ॲक्रिलिकचा नळीच्या आकाराचा सापळा. हा सापळा वेगवेगळ्या नावांनी विकला जात असला तरी त्याची घडण थोड्याफार फरकाने सारखीच असते. मी वापरलेल्या सापळ्यात वीतभर लांबीची नळी, तिच्या एका तोंडाला बारीक छिद्रांचे घट्ट झाकण, दुसऱ्या तोंडाला वरून खाली पडणारे सरकते दार, आत आमिषाची छोटी डबी आणि तिच्यापुढे एक हलती पट्टी असे भाग आहेत. सोबत लाल प्रकाशाची एक छोटी टॉर्चही मिळते. पट्टीला धक्का लागला की आकडा सुटतो आणि दार स्वतःच्या वजनाने खाली येते. ज्यांना रात्री टँकसमोर बसून स्वतःच्या हाताने दार पाडायचे आहे, त्यांच्यासाठी आकड्याला दोरा बांधण्याची सोय आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. खेकड्यासाठी हा सापळा चांगला आहे, मँटिस श्रिंपसाठी (कोळंबीसारखा दिसणारा शिकारी प्राणी) बेभरवशाचा आहे आणि दगडात राहणाऱ्या मोठ्या समुद्री किड्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. वेष्टनावर मात्र या तिघांचीही चित्रे एकाच ओळीत छापलेली आहेत, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. हे तिन्ही प्राणी लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत जीवांसकट टँकमध्ये ठेवलेल्या समुद्री दगडांच्या, भोकांतून टँकमध्ये येतात एवढेच त्यांच्यात साम्य आहे. त्यांची घराबाहेर पडण्याची वेळ, अन्न शोधण्याची रीत आणि धोका दिसल्यावर मागे फिरण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी असल्यामुळे एकच यंत्र तिघांना सारखेच लागू पडेल असे मानायला काही आधार नाही.

मुळात सापळ्याची गरज का पडते, तेही थोडक्यात सांगायला हवे. माशांच्या रोगांवर चालणारी तांब्याची औषधे अशा वेळी हाताशी असतात आणि ती टाकून मोकळे व्हावे असा मोह होतो. परंतु तांबे पाठीचा कणा नसलेल्या सर्वच प्राण्यांना घातक असते, त्यामुळे शिकाऱ्याबरोबर प्रवाळ, कोळंब्या आणि गोगलगायीही जातात, शिवाय ते दगडात आणि वाळूत शोषले जाऊन पुढेही त्रास देत राहते. फक्त खेकडा मारेल आणि प्रवाळ सोडेल असे औषध नाही. म्हणून शिकाऱ्याला बाहेर काढण्याचे मार्ग दोनच उरतात: त्याला दगडातून बाहेर बोलावणे किंवा दगडासकट बाहेर काढणे. सापळा हा पहिल्या मार्गाचा भाग आहे.

सोबतच्या माहितीपत्रकाची सुरुवात "मासे नाहीसे होत आहेत का?" या प्रश्नाने होते आणि पुढच्याच वाक्यात सापळा लावायला सांगितलेले आहे. ही घाई मला पटत नाही. समुद्री टँकमधील मासा सकाळी दिसला नाही, तर तो आजाराने किंवा पाण्याच्या बिघाडाने मेला असण्याची, झाकणाच्या फटीतून बाहेर उडाला असण्याची किंवा ओव्हरफ्लोमध्ये, म्हणजे टँकचे पाणी बाहेर नेणाऱ्या कप्प्यात, अडकला असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. लहान मेलेला मासा ब्रिसल वर्म (अंगावर ताठ केस असलेला समुद्री किडा), हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) आणि वाळूत राहणाऱ्या नॅसेरियस गोगलगायी मिळून एका रात्रीत फस्त करू शकतात, आणि सकाळी सांगाड्यावर दिसणारा ब्रिसल वर्म गुन्हेगार ठरवला जातो, जेव्हा की तो बहुधा साफसफाईच करत असतो. टँकमधले बहुतेक लहान, गुलाबीसर ब्रिसल वर्म उपयोगाचेच असतात. त्यांना सरसकट पकडून फेकणाऱ्याच्या वाळूत कुजका माल साठत जातो.

खरा पुरावा शंखांमध्ये असतो. रिकामा पण अखंड शंख सापडला तर गोगलगाय उपाशी मेली असेल, एखाद्या मांसाहारी गोगलगायीने तिला खाल्ले असेल किंवा हर्मिट क्रॅबने घरासाठी तिला ठार केले असेल. या शेवटच्या प्रकारात जुना, लहान शंख जवळपास टाकलेला दिसतो. शंखाची कड कुरतडल्यासारखी तुटलेली असेल तर खेकड्याचा संशय घ्यावा. शंखाला आरपार भगदाड पडले असेल, किंवा एखाद्या भोकाच्या तोंडाशी शंखांच्या तुकड्यांचा ढीग साठत असेल, तर मँटिस श्रिंपखेरीज दुसरे नाव सहसा समोर येत नाही. आवाजाने मात्र फसगत होते. टँकमधून टकटक ऐकू आली म्हणून लोक मँटिस समजून सापळा लावतात आणि आत असते नांगी वाजवणारी पिस्टल श्रिंप, जी गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहते आणि आपल्या वाटेला गेल्याशिवाय सहसा कोणाचे वाईट करत नाही.

आता सोबतच्या लाल टॉर्चविषयी. पूर्ण संचातला मला सर्वात आवडलेला भाग हाच आहे. अनेक कवचधारी प्राण्यांना आणि किड्यांना गडद लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे दिवे मालवून तासाभराने या टॉर्चने पाहिले तर पांढऱ्या प्रकाशात क्षणात दिसेनासे होणारे प्राणी निवांत फिरताना दिसतात. प्रकाशाचा झोत अरुंद ठेवलेला आहे, हे उत्तम. रुंद झोताने काचेवरच चकाकी येते आणि आतले काही दिसत नाही. मात्र ही टॉर्च मँटिससाठीही चालते असे पत्रकात म्हटले आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. मँटिसच्या डोळ्यांना अतिनील ते गडद लाल, म्हणजे सुमारे 300 ते 720 नॅनोमीटर, इतका मोठा पट्टा दिसतो, आणि शंख फोडणाऱ्या गटातील अनेक जाती मुळात दिवसा हिंडणाऱ्या आहेत. तिच्यासाठी रात्र जागवण्यापेक्षा दिवसा लांब खुर्ची टाकून, हालचाल न करता भोकावर नजर ठेवलेली बरी.

माझ्या टँकमध्ये निघाला तो खेकडा. प्रवाळाच्या एका फांदीची टोके रोज थोडी थोडी खुडलेली दिसत होती आणि टर्बो गोगलगायींच्या शंखांच्या कडा मोडत होत्या. टॉर्चच्या प्रकाशात तो दिसला तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही: पाय केसाळ, कवच अंगठ्याच्या पेराएवढे, नांग्या जाड आणि टोकाला काळ्या. हौशी लोक अशा खेकड्यांना सरसकट गोरिला क्रॅब म्हणतात आणि ते बहुधा झँथिडी या कुळातले असतात. येथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. फांद्यांच्या प्रवाळात राहणारे, गुळगुळीत आणि चकचकीत कवचाचे ट्रॅपेझिया खेकडे याच दगडांबरोबर येतात, आणि ते प्रवाळ खाणाऱ्या तारामाशांना चिमटे काढून हाकलत असल्यामुळे त्यांना पकडणे म्हणजे स्वतःचाच राखणदार काढून टाकणे होय. केस नसतील आणि खेकडा प्रवाळ सोडून कुठे जात नसेल, तर सापळा कपाटातच राहू द्यावा.

सापळा कोठे ठेवावा याबाबत पत्रक सांगते की टँकच्या शांत कोपऱ्यात. हा सल्ला मला उलटा वाटतो. खेकडा आमिष पाहून येत नाही, वासावर येतो, आणि वास पाण्याच्या प्रवाहाबरोबरच जातो. म्हणून पंपाचा सौम्य प्रवाह छिद्रांच्या झाकणातून आत शिरेल, आमिषावरून जाईल आणि दारातून निघून थेट संशयित भोकाकडे पोहोचेल अशा रीतीने नळी आडवी ठेवावी; दार भोकापासून दोन-तीन बोटांवर आणि नळीचा तळ वाळूला टेकलेला असावा, म्हणजे खेकड्याला चढावे लागत नाही. आमिष म्हणून कच्च्या कोळंबीचा किंवा शिंपल्याच्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. त्या संध्याकाळी माशांना खाणे कमी घालावे. नळी नवी असताना खेकडे तिच्याकडे फिरकत नाहीत. काही दिवस दार दोऱ्याने वर बांधून ती टँकमध्ये नुसती पडू दिली आणि तिच्यावर शेवाळाचा पातळ थर आला, की ती त्यांना परकी वाटेनाशी होते असा माझा अनुभव आहे.

पट्टीची संवेदनशीलता कमी-जास्त करता येत नाही, हा या सापळ्याचा मोठा दोष आहे. वास सुटताच वाळूतून सोंड वर काढून निघालेल्या नॅसेरियस गोगलगायी सर्वांच्या आधी पोहोचतात, त्यांच्यामागून हर्मिट क्रॅब येतात, आणि यांच्यापैकी कोणाचाही धक्का दार पाडायला पुरतो. सकाळी नळीत चार गोगलगायी बसलेल्या आणि खेकडा बाहेरून काच चाचपत असलेला, हे दृश्य या सापळ्याच्या मालकाला पाठ होते. त्यामुळे आपोआप पडणाऱ्या दारापेक्षा दोऱ्याची पद्धत कंटाळवाणी असली तरी अधिक भरवशाची आहे, आणि मला खेकडा मिळाला तो दोऱ्यानेच. दार पडल्यावर त्याने जे केले त्यावरून दुसरा दोष लक्षात आला. त्याने नांगीचे काळे टोक दाराच्या खालच्या फटीत घातले, पाय नळीच्या तळाला रोवले आणि दार अर्धा बोट वर उचलले. नांगी निसटली की ते पुन्हा पडे आणि तो पुन्हा तेच करी. दाराला खिट्टी नाही. थोडा मोठा खेकडा रात्रभराच्या वेळात सहज बाहेर पडला असता. दाराच्या खाचेत वरून प्लास्टिकचा छोटा चिमटा लावला तर हे टळते, पण तो चिमटा उत्पादकानेच द्यायला हवा होता.

मँटिस श्रिंपची गोष्ट निराळी आहे. हा सापळा एका परिचितांच्या टँकमध्येही लावून पाहिला; तेथे शंखांना भगदाडे पडलेली होती आणि प्राणी भोकात दिसलाही होता. मँटिस ही नावाने श्रिंप असली तरी खऱ्या कोळंब्यांपेक्षा वेगळ्या, स्टोमॅटोपोडा या गणातली आहे. तिच्यातील एक गट भाल्यासारख्या अवयवाने मऊ शिकार भोसकतो आणि दुसरा गट सोट्यासारख्या अवयवाने शंख फोडतो. पीकॉक मँटिसच्या फटक्याची मोजणी करून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत आढळला होता, आणि पुढच्या वर्षीच्या मोजणीत आघाताचे बल 1,500 न्यूटनपर्यंत गेले. फटक्यामागे पाण्यात तयार होणारा बुडबुडा फुटून शिकारीला जवळजवळ दुसरा तडाखाही बसतो. दगडाबरोबर चुकून येणाऱ्या जाती सहसा बोटापेक्षा लहान असतात आणि त्यांचे बल एवढे नसते, तरीही सापळ्यासमोर त्यांचे वागणे पाहण्यासारखे होते. परिचितांकडची ती मँटिस भोकातून अर्धी बाहेर आली, नळीच्या कडेला स्पर्शिका लावल्या, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवले आणि मग आमिष जेथे दिसत होते तेथेच बाहेरून ॲक्रिलिकवर फटका मारला. नळीवर चांदणीसारखा बारीक ओरखडा उमटला आणि ती परत आत गेली. दाराच्या दिशेने ती वळलीच नाही.

यात तिचा मूर्खपणा मुळीच नाही. भोकापासून फार लांब न जाणे आणि अनोळखी वस्तूला आधी ठोकून पाहणे ही तिची रीतच आहे, आणि पारदर्शक भिंतीमुळे आमिष समोर दिसत असताना वळसा घालून जाण्याचे तिला कारण वाटत नाही. नळी अपारदर्शक असती, तिचा व्यास भोकाइतका अरुंद असता आणि ती बिळासारखी वाटली असती, तर मँटिस स्वतःहून आत शिरण्याची शक्यता जास्त होती असे मला वाटते. उत्पादकाने पारदर्शकता माणसाच्या सोयीसाठी ठेवली आहे. शेवटी तो दगड उचलून वेगळ्या बादलीत, टँकच्याच तापमानाच्या पण 1.035 ते 1.040 विशिष्ट गुरुत्व असलेल्या जास्त खाऱ्या पाण्यात ठेवावा लागला. टँकमधील नेहमीचे पाणी 1.025 च्या आसपास असल्यामुळे हा फरक तिला सोसवला नाही आणि थोड्याच वेळात ती आपणहून बाहेर आली. हेच काम गोड्या पाण्यानेही होते, परंतु त्यात दगडातील उपयुक्त जीवही मोठ्या प्रमाणात मरतात, म्हणून खारे पाणी बरे. पकडलेल्या मँटिसला उघड्या हाताने उचलू नये, हे पत्रकात ठळक छापलेले आहे आणि ते योग्यच आहे.

किड्यांच्या बाबतीत या सापळ्याची मूळ कल्पनाच कोसळते. प्राणी संपूर्ण आत आला की दार पडावे, असे हे यंत्र आहे. युनिस प्रजातीतले मोठे किडे मात्र घर सोडून येतच नाहीत. त्यांचे मागचे शरीर दगडाच्या बोगद्यात घट्ट रोवलेले असते, पुढचा भाग आमिषापर्यंत लांब येतो, जबडा ते ओढतो आणि निम्मे अंग बाहेर असतानाच सारे आकसून परत जाते. दार पडले तरी ते अंगावर पडते, आणि एवढ्या हलक्या दाराने किडा अडत नाही. अडलाच तर तो तुटण्याची शक्यता असते आणि उरलेला भाग दगडात राहतो. बॉबिट वर्म म्हणून प्रसिद्ध असलेल्या युनिस ॲफ्रोडिटॉइस या जातीचा जपानमधील शिराहामाजवळ एका तराफ्यात सापडलेला नमुना 299 सेंटिमीटर लांबीचा होता आणि त्याला 673 वलये होती, यावरून वीतभर नळीची मर्यादा लक्षात यावी. इंग्लंडमधील न्यूकी येथील ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये 2009 साली प्रवाळांची मोडतोड आणि माशांना होणाऱ्या जखमांचा शोध घेताना कर्मचाऱ्यांनी आमिषाचे सापळे लावून पाहिले होते. ते फाडले गेले, आणि सुमारे चार फुटांचा किडा हाती लागला तो देखावा दगड-दगड करून सुटा केल्यावरच. व्यावसायिकांच्या हाती जे आले नाही ते या नळीच्या हाती येईल, असे वेष्टनाने सुचवणे अप्रामाणिक आहे. डोक्यावर पाच स्पर्शिका आणि अंगावर इंद्रधनुषी चमक दिसली, तर सापळ्याचा विचार सोडून दगड बाहेर काढावा.

आमिषाचा प्रश्न वेगळा मांडतो, कारण नुकसान झाले तर ते येथूनच होते. रात्रभर आत राहून कुजू लागलेला तुकडा अमोनिया सोडतो, आणि समुद्री टँकचा पीएच 8 च्या वर असल्यामुळे त्या अमोनियातील विषारी रूपाचे प्रमाण गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त असते. मोठ्या टँकमध्ये हरभऱ्याएवढ्या तुकड्याने काही होत नाही, पण लहान नॅनो टँकमध्ये दोन-तीन रात्री विसरलेले आमिष शिकाऱ्यापेक्षा जास्त बळी घेऊ शकते. आमिषाची डबी पूर्ण सापळा न काढता बाहेर घेता येते, ही रचना मला मनापासून आवडली. सकाळी हात कोपरापर्यंत बुडवण्याची गरज पडत नाही. नळीत अडकलेली क्लीनर श्रिंप आणि खेकडा एकत्र सापडले तर मात्र श्रिंप वाचत नाही, म्हणून दार पाडून झोपी जाणे टाळावे.

पकडलेल्या प्राण्याचे काय करावे, याबद्दल पत्रकात एक ओळही नाही. खेकडा सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या गाळणीच्या वेगळ्या टाकीत, ठेवता येतो. तेथे तो उरलेसुरले खाऊन वर्षानुवर्षे जगतो, फक्त पंपाच्या तोंडाला जाळी हवी. मँटिस हवीच असणारे हौशी लोक बरेच आहेत, आणि तिच्यासाठी स्वतंत्र लहान टँक हा सर्वांत सभ्य तोडगा आहे. जवळ समुद्र असला तरी त्यात यांपैकी काहीही सोडू नये, कारण प्राणी त्या पाण्यातला नसू शकतो आणि त्याच्याबरोबर रोगही जातात.

देखभालीच्या बाबतीत तक्रार कमी आहे. दाराच्या खाचेत चुन्याचा थर बसून दार अडकू लागते, तेव्हा पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून गोड्या पाण्याने धुतले की ते पूर्ववत होते. ॲक्रिलिकला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नये, त्याने बारीक तडे जातात. ही सूचनाही पत्रकात असायला हवी होती. आकड्याची स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची असल्याचे लिहिलेले असले तरी माझ्या संचातील स्प्रिंगवर गंजाचे ठिपके आले आणि मी तिच्या जागी मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा फास बांधला, जो अजून चालतो आहे.

हा सापळा कोणी घ्यावा, याचे उत्तर दगडांवर अवलंबून आहे. ज्यांच्या टँकमध्ये दगड एकमेकांना चिकटवलेले आहेत, त्यांच्यावर प्रवाळ पसरलेले आहेत आणि संशय खेकड्यावर आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा आणि दोऱ्यानेच वापरावा. ज्यांचे दगड सुटे आहेत आणि शिकाऱ्याचे भोक माहीत आहे, त्यांना एक बादली, थोडे समुद्री मीठ आणि खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर यांत तेच काम उरकता येते; त्यांनी हवी तर फक्त लाल टॉर्च घ्यावी, ती सुटीही मिळते.